मळीतून दुग्धाम्ल : सूक्ष्मजीवांच्या चयापचयाची नवी आखणी

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि पर्जन्यछायेतील बारामती व इंदापूर या तालुक्यांचे शेतीचित्र पालटले. ज्वारी-बाजरीच्या या मुलखात ऊस आला आणि उसामागोमाग साखर कारखाने आले. आज माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांवर या परिसरातील हजारो कुटुंबांचा प्रपंच चालतो. बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आलेले जळोची हे गावही याच ऊसपट्ट्यातले. हंगामात येथून जाणाऱ्या उसाचे पुढे काय होते, असे विचारले तर बहुतेक जण ‘साखर’ असे उत्तर देतील. साखरेखेरीज जे उरते त्याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

एक टन ऊस गाळला की साखर, बगॅस व प्रेसमड यांबरोबर सुमारे चाळीस ते पंचेचाळीस किलो मळी मिळते. (आपल्याकडील शेतकरी प्रेसमडलाही मळीच म्हणतात. या लेखात मळी म्हणजे मोलॅसिस, साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा, दाट पाक, असे समजावे.) या मळीत अद्यापही निम्म्याच्या आसपास साखर असते, परंतु ती स्फटिकरूपाने काढणे परवडत नाही. म्हणून ती किण्वाला, म्हणजे यीस्टला, खाऊ घालून तिचे मद्यार्क केले जाते. एका टन मळीपासून साधारणतः २२५ ते २५० लिटर मद्यार्क निघते. आसवनीचा हा धंदा जुना आहे आणि त्यातील कौशल्य आपल्या रसायनतज्ज्ञांना पूर्णपणे अवगत आहे.

तथापि तीच साखर दुसऱ्या सूक्ष्मजीवाला दिली, अथवा त्याच सूक्ष्मजीवाच्या अंतर्गत व्यवहाराची मांडणी बदलली, तर मद्यार्काऐवजी दुसरे एखादे रसायन मिळू शकेल काय? मिळाल्यास ते अधिक किफायतशीर ठरेल काय? गेल्या काही दशकांत या प्रश्नाभोवती एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले आहे. त्याला चयापचय अभियांत्रिकी असे म्हणता येईल. या शास्त्राची ओळख करून घेण्यासाठी परदेशी उदाहरणांपासून प्रारंभ करण्याचे कारण नाही. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऊसमळीवरच झालेले काम त्यासाठी पुरेसे बोलके आहे.

साखरेचा जमाखर्च

प्रथम पेशीच्या आत काय घडते ते पाहू. साखरेच्या एका रेणूत, म्हणजे ग्लुकोजमध्ये, कार्बनचे सहा अणू असतात. पेशी दहा टप्प्यांत त्याचे दोन तुकडे करते. प्रत्येक तुकडा तीन कार्बनचा असून त्यास पायरूव्हेट म्हणतात. येथवर किण्व आणि दह्यातील जिवाणू यांचा मार्ग सारखाच असतो. पायरूव्हेट हा या मार्गावरील तिठा होय. किण्व येथून एका दिशेने जाते, दह्याचे जिवाणू दुसऱ्या दिशेने.

हा तिठा समजण्यासाठी पेशीची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. साखरेचे तुकडे होताना तिच्यातील काही हायड्रोजन सुटतो आणि तो वाहून नेणाऱ्या विशिष्ट रेणूंवर लादला जातो. ऊसतोडणीच्या काळात गाड्या गव्हाणीपाशी रिकाम्या झाल्या नाहीत तर फडात परत जायला गाडीच उरत नाही आणि तोडणी ठप्प होते, हे आपण पाहिलेले आहे. पेशीतही तसेच होते. हायड्रोजन वाहणारे रेणू मर्यादित असतात. ते रिकामे झाले तरच पुढची साखर फोडता येते. प्राणवायू नसेल तर हा हायड्रोजन पायरूव्हेटवरच कोणत्यातरी रूपाने उतरवावा लागतो. मद्यार्क आणि दुग्धाम्ल हे असे उतरवलेले ओझे आहे. पेशीला त्यांचा उपयोग नसतो, आपल्याला असतो.

किण्व हायड्रोजन उतरवण्यापूर्वी पायरूव्हेटमधील एक कार्बन कर्बवायूच्या रूपाने सोडून देते. त्यामुळे सहा कार्बनपैकी चारच मद्यार्कात उतरतात आणि दोन हवेत जातात. वजनाच्या भाषेत सांगायचे तर १०० किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ किलो मद्यार्क मिळते व ४९ किलो कर्बवायू होतो. कितीही निष्णात रसायनतज्ज्ञ नेमला तरी हा आकडा वाढत नाही, कारण तो निसर्गाने आखलेल्या मार्गातच ठरलेला आहे. दह्याचे जिवाणू पायरूव्हेटवर हायड्रोजन तसाच उतरवतात. कार्बन सुटत नाही आणि १०० किलो ग्लुकोजपासून तत्त्वतः १०० किलो दुग्धाम्ल मिळते.

शिक्षकांना हा फरक वर्गात दाखवता येईल. एका बाटलीत गुळाचे कोमट पाणी व यीस्ट घालून तोंडाला फुगा बांधावा. दुसऱ्या बाटलीत कोमट दूध व विरजण घालून तसाच फुगा बांधावा. काही तासांत पहिला फुगा फुगतो. दुसरी बाटली दही लागेपर्यंत तशीच ठेवली तरी तिच्यावरील फुगा बहुधा लोंबतच राहतो. पहिल्या फुग्यात जे भरले ते साखरेतून वाया गेलेले कार्बन.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील वाण

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. तेथे औद्योगिक उपयोगाच्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि त्यातील प्रत्येक वाणाला क्रमांक दिलेला असतो. त्यांपैकी २३६५ या क्रमांकाचा लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकाय हा दुग्धाम्ल करणारा जिवाणू संशोधकांनी निवडला. त्यावर अतिनील किरणांचा मारा करून जे जिवाणू तगले त्यांतून अधिक आम्ल देणारे वेचून काढले. यातून ‘यूसी-३’ हा वाण हाती आला. त्याची माहिती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००८ मध्ये याच वाणाला ऊसमळी देऊन मिळालेले निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

ते आकडे येथे देण्यासारखे आहेत. दर लिटरमागे मळीतील १९० ग्रॅम साखर दिली असता १६६ ग्रॅम दुग्धाम्ल मिळाले. म्हणजे दर शंभर ग्रॅम साखरेमागे सुमारे ८७ ग्रॅम. आम्ल तयार होण्याचा वेग दर लिटरला ताशी ४.१५ ग्रॅम होता. म्हणजे साधारण चाळीस तासांत काम पूर्ण. मळीपासून इतक्या दाट प्रमाणात आणि इतक्या वेगाने दुग्धाम्ल मिळाल्याची नोंद त्यापूर्वी नव्हती. आणखी एक गोष्ट व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दुग्धाम्लाचे जिवाणू खाण्यापिण्याच्या बाबतीत मोठे चोखंदळ असतात. त्यांना यीस्टचा अर्क यांसारखे महाग पोषण द्यावे लागते. मळीवर वाढवताना या अर्काचे प्रमाण कमीजास्त केल्याने फारसा फरक पडला नाही.

यातील गंमत आसवनीत काम करणाऱ्यांना लगेच कळेल. लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू आसवनीत शत्रू मानले जातात. ते मळीच्या टाकीत शिरले की साखर खाऊन आम्ल करतात आणि मद्यार्काचा उतारा घसरतो. ज्याला हाकलण्यासाठी आजवर खटाटोप केला त्यालाच येथे पाहुणा म्हणून बोलावले आहे.

परंतु यूसी-३ हा वाण ‘आखलेला’ नव्हे, ‘निवडलेला’ आहे. अतिनील किरणांनी जनुकांमध्ये कोठे बदल होईल हे आधी सांगता येत नाही. अनेक बदल घडवायचे आणि त्यांतून कामाचा तेवढा ठेवायचा, ही ती पद्धत. नीरेकाठच्या शेतकऱ्याला ती अपरिचित नाही. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने प्रसृत केलेला को ८६०३२, म्हणजेच ‘नीरा’, हा वाणही असंख्य रोपांतून वेचून काढलेला आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याने ज्या पेनिसिलिनचे उत्पादन केले, त्या पेनिसिलिनच्या बुरशीचे भरघोस वाणही जगात सर्वत्र याच मार्गाने मिळाले. ही पद्धत विश्वासू आहे, मात्र ती आंधळी आहे.

पेशीचा नकाशा आणि कालव्याचे गणित

डोळस पद्धतीसाठी नकाशा लागतो. एश्चेरिकिया कोलाय या जिवाणूच्या चयापचयाचा जो नकाशा संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला त्यात १,५१५ जनुके आणि २,७१९ रासायनिक क्रिया आहेत. एका क्रियेतून निघालेला पदार्थ दुसरीत जातो, दुसरीतून चार फाटे फुटतात, त्यांतील दोन पुन्हा एकत्र येतात. असे हे जाळे पाहून माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराची छाती दडपते. तरीही त्यामागील मूलभूत विचार कालव्याच्या काठी राहणाऱ्या कोणालाही समजण्यासारखा आहे.

मुख्य कालव्यातून वितरिका निघते, वितरिकेतून चाऱ्या, चारीतून शेताचे पाट. पाणी कोठेही साचत नसेल तर प्रत्येक फाट्यावर जेवढे पाणी येते तेवढेच पुढे गेले पाहिजे. प्रत्येक पाटाची वहनक्षमता ठरलेली असते. मुख्य दारातून किती पाणी सोडले हे माहीत असते. पेशीतही प्रत्येक पदार्थासाठी असेच एक समीकरण मांडता येते : जेवढा तयार होतो तेवढाच खर्च होतो. या समीकरणांवरून प्रत्येक फाट्यावरील प्रवाह एकमेव ठरत नाही, कारण फाटे अधिक आणि समीकरणे कमी असतात. म्हणून आणखी एक अट घालावी लागते. पेशीचा हेतू जास्तीत जास्त वाढण्याचा आहे असे गृहीत धरून, तो हेतू साधणारी पाणीवाटप शोधण्याचे काम संगणकावर सोपवतात. १९९० नंतरच्या दशकात ही रीत रूढ झाली आणि जिवाणूंच्या प्रत्यक्ष वाढीशी ती अनेकदा जुळते असे आढळले.

मात्र पेशीचा हेतू आणि कारखान्याचा हेतू एक नाही. आपण एखादे जनुक घालून पेशीला नवे रसायन करायला भाग पाडले तर ते तिच्या दृष्टीने साखरेची उधळपट्टी असते. कोट्यवधी पेशींत एखादी अशी निघतेच की जिने हे काम टाकून दिलेले असते. ती इतरांपेक्षा वेगाने वाढते आणि काही पिढ्यांत टाकीत तिचेच राज्य होते. कारखानदाराची खरी हानी येथे असते. प्रयोगशाळेच्या काचपात्रात उत्तम चाललेला वाण मोठ्या टाकीत ढेपाळण्यामागे हे एक कारण असते.

यावर उपाय असा की, आपल्याला हवा असलेला पदार्थ केल्यावाचून पेशीला वाढताच येणार नाही अशी मांडणी करायची. कोणती जनुके काढली म्हणजे असे होईल हे संगणकाने शोधण्याची एक पद्धत अमेरिकेतील संशोधकांनी २००३ मध्ये मांडली. त्याच वर्षी फ्लोरिडा विद्यापीठात एश्चेरिकिया कोलायवर केलेले काम याचे सुबोध उदाहरण आहे. हा जिवाणू प्राणवायूवाचून वाढताना मद्यार्क, सिरकाम्ल, फॉर्मिक आम्ल, सक्सिनिक आम्ल आणि थोडे दुग्धाम्ल असा सरमिसळ माल देतो. संशोधकांनी दुग्धाम्लाखेरीज इतर वाटांची जनुके काढून टाकली. पाटकऱ्याने सारी दारे मोडून एकच पाट वाहता ठेवावा तसे. हायड्रोजन उतरवायला आता एकच गव्हाण उरली. परिणामी ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूपासून दुग्धाम्लाचे जवळजवळ दोन रेणू मिळू लागले, आणि तेही केवळ साध्या क्षारांच्या पोषणावर. पेशी जितकी वाढेल तितके दुग्धाम्ल होणार; काम टाकून देणाऱ्या पेशीला आता काही लाभ नव्हता.

जिप्समचा ढीग

आता अडचणीकडे वळू. दुग्धाम्ल साठत गेले की द्रव आंबट होतो आणि जिवाणूंना ते सोसत नाही. म्हणून टाकीत सतत चुनखडी अथवा चुना घालावा लागतो. तयार होते ते कॅल्शियमचे लवण. त्यातून आम्ल सोडवण्यासाठी गंधकाम्ल घालतात आणि कॅल्शियम जिप्समच्या रूपाने खाली बसते. हिशेब सोपा आहे. एक टन दुग्धाम्लामागे सुमारे ९५० किलो जिप्सम तयार होते आणि निम्म्याहून अधिक टन गंधकाम्ल खर्ची पडते. दिवसाला शंभर टन दुग्धाम्ल करणाऱ्या कारखान्याच्या आवारात रोज सुमारे ९५ टन जिप्सम पडेल. आसवनीच्या सांडपाण्याचा प्रश्न ज्या गावांनी अनुभवला आहे त्यांनी असा प्रकल्प आल्यास हा आकडा प्रथम विचारावा.

यातून सुटण्याची वाट किण्वाकडे जाते, कारण किण्व आंबटपणा जिवाणूंपेक्षा पुष्कळ सोसते. इटलीतील मिलान येथील संशोधकांनी १९९५ मध्ये गाईच्या स्नायूंतील दुग्धाम्लाचे जनुक किण्वात घातले आणि किण्व दुग्धाम्ल करू लागले. परंतु तिठ्यावरची मद्यार्काची वाट खुलीच असल्याने साखर दोन्हीकडे वाटली जाई. तेव्हा ती वाट बंद करावी, म्हणजे पायरूव्हेटमधून कर्बवायू सोडणारे विकर काढून टाकावे, हा साधा तर्क होता. नकाशाकडे पाहता तो बिनचूक वाटतो.

प्रत्यक्षात असे किण्व ग्लुकोजवर वाढेना. नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथील संशोधनाने याचे कारण उलगडले. मद्यार्काच्या वाटेवरूनच पेशीच्या मुख्य दालनाला दोन कार्बनचा एक छोटा घटक मिळत असतो आणि स्निग्ध पदार्थ घडवायला तो अत्यावश्यक असतो. तसा घटक पेशीच्या दुसऱ्या दालनातही बनतो, मात्र साखर खाणाऱ्या या किण्वात तो तेथून पुरेसा बाहेर येऊ शकत नाही. ज्या पाटाला आपण केवळ सांडव्याची चारी समजत होतो त्यावरच एका वस्तीचे पिण्याचे पाणी होते. सिरकाम्लाचा थोडा पुरवठा केल्यावर वाढीतील हा अडथळा बराच दूर झाला. पण कारखान्यात तो खर्च वाढतो. पुढे अनेक ठिकाणी पर्यायी विकरे बसवून, तसेच मुळातच आम्ल सोसणाऱ्या दुसऱ्या जातीची किण्वे निवडून मार्ग काढण्यात आला. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ब्लेअर येथे २००२ पासून दुग्धाम्लाचे बहुवारिक, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लॅस्टिक, मोठ्या प्रमाणावर होते. तेथील दुग्धाम्लासाठी पुढे असे आम्लसह किण्व वापरात आले. जिप्सम त्यामुळे पुष्कळ घटले.

नकाशा पूर्ण आहे असे समजून आखणी केली की अशी फसगत होते. म्हणूनच या शास्त्रात आखणी, बांधणी, चाचणी आणि चाचणीवरून पुन्हा आखणी असे फेरे घ्यावे लागतात. एकेका वाणामागे वर्षे जातात, ही गोष्ट प्रकल्प अहवालांत क्वचितच ठळकपणे लिहिलेली असते.

ऊसपट्ट्यासाठी याचे मोल

इथेनॉल मिश्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने साखर कारखान्यांना मोठा आधार दिला आणि २०२५ मध्ये पेट्रोलमधील मिश्रण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. तथापि एकाच उत्पादनावर विसंबण्यातील जोखीम २०२३-२४ च्या हंगामात दिसून आली. पाऊस अपुरा झाला, साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने उसाच्या रसापासून व पाकापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. काही दिवसांतच १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत सवलत देण्यात आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील वर्षासाठी निर्बंध उठले. ग्राहकाला साखर मिळावी हा हेतू रास्त होता. पण इथेनॉलसाठी कर्ज काढून यंत्रसामग्री उभी केलेल्या कारखान्यांची आणि पर्यायाने ऊस उत्पादकांची त्या महिन्यांत ओढाताण झाली. त्याच साखरेपासून दोन-तीन प्रकारचा माल करता आला असता तर ती कमी झाली असती.

या दिशेने पुणे जिल्ह्यात एक पाऊल पडले आहे. प्राज इंडस्ट्रीज या पुण्याच्या कंपनीने जेजुरी येथे पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्रात्यक्षिक संयंत्र उभारले असून त्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जैव-उत्पादनाच्या ‘बायोई३’ धोरणास मान्यता दिली. बारामतीहून जेजुरी फार दूर नाही. कारखान्यांच्या संचालकांनी आणि कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी अशा प्रकल्पांची माहिती घेणे उपयुक्त होईल.

मात्र भाबडेपणा नको. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी लागू झाल्यापासून ‘कुजणारे प्लॅस्टिक’ हा शब्द गावोगावी ऐकू येतो. पॉलिलॅक्टिक आम्ल कुजते हे खरे, परंतु त्यासाठी सुमारे साठ अंश सेल्सियस तापमान राखणारी औद्योगिक कंपोस्ट व्यवस्था लागते. शेताच्या बांधावर वा ओढ्यात टाकलेला पेला तेथे दीर्घकाळ तसाच राहतो. ग्रामपंचायतीच्या उकिरड्यात ते तापमान क्वचितच टिकते. शिवाय खनिज तेलापासून होणारे प्लॅस्टिक स्वस्त असते, आणि मळीचा भाव इथेनॉलच्या मागणीबरोबर चढतो. दुग्धाम्लाला खाद्य, औषधे व सौंदर्यप्रसाधने यांत मागणी आहेच; पण ती इंधनाच्या मागणीएवढी अफाट नाही. सगळ्या कारखान्यांनी एकाच वेळी तिकडे धाव घेतली तर काय होईल, हे कांद्याच्या बाजारपेठेशी परिचय असलेल्या वाचकांना सांगायला नको.

सुरक्षेची तरतूद

जनुके बदललेले सूक्ष्मजीव म्हटले की गावात शंका येतात, आणि त्या विचारणे गैर नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र शासनाने १९८९ मध्ये केलेले नियम अशा सूक्ष्मजीवांचे उत्पादन, वापर, आयात, निर्यात व साठवण यांना लागू आहेत. त्यांनुसार संस्थेतील जैवसुरक्षा समितीपासून केंद्रीय स्तरावरील मूल्यमापन समितीपर्यंत टप्प्याटप्प्याने तपासणी होते. या नियमांत जिल्हा स्तरावरील समितीचीही तरतूद असून जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखाने निरीक्षक, आरोग्य व कृषी विभाग यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. असे सूक्ष्मजीव हाताळणाऱ्या ठिकाणांची पाहणी करणे आणि अपघात झाल्यास उपाययोजना ठरवणे ही या समितीची कामे आहेत. यूसी-३ सारख्या, केवळ अतिनील किरणांनी बदललेल्या वाणात बाहेरचे जनुक घातलेले नसते. गाईचे जनुक घातलेल्या किण्वाची गोष्ट वेगळी.

प्रकल्पाची जनसुनावणी असेल तेव्हा पंचायत सदस्यांनी विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. टाकीतील सूक्ष्मजीव निवडलेला आहे की जनुक घालून केलेला? काम संपल्यावर तो वाफेने मारून मगच बाहेर सोडतात काय? एक टन मालामागे सांडपाणी किती लिटर आणि जिप्सम किती किलो, आणि ते कोठे जाणार? पाणी कोणत्या पाळीतून घेणार?